महागुरू गेले म्हणजे कोण गेले?

२०१७ साली दसरा ३० सप्टेंबरला आला होता. आदल्या रात्री मुंबईत अभिनेते टॉम ऑल्टर यांचे त्वचेच्या कर्करोगाने निधन झाले. वय ६७ वर्षे. सणाच्या सकाळी ही बातमी घरोघर पोचली. कोल्हापुरात त्या दिवशी दसरा चौकातील शाही सोहळ्याची गडबड असते. आपट्याची पाने देण्याघेण्याच्या नादात अनेकांचे या बातमीकडे लक्षही गेले नसेल. काहींना मात्र तिने चटका लावला.

सुट्ट्या संपून शाळा भरल्यावरचा प्रसंग आमच्या गटातील एका शिक्षकांनी आम्हांला सांगितला. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत तिशीच्या आतबाहेरचे दोन-तीन शिक्षक बोलत बसले होते. एक म्हणाले, "आपले महागुरू गेले." दुसऱ्यांनी 'कॅप्टन व्योम'ची आठवण काढली. याने, ग्रह, अवकाशातला तुरुंग असे बरेच काही बोलून झाले. वह्यांचा गठ्ठा ठेवायला आलेली सातवीतली एक मुलगी हे ऐकत उभी होती. तिने विचारले, "सर, त्यांनी कशाचा शोध लावला होता?"

सगळे हसले. "अगं, ते नट होते," असे कोणीतरी सांगितले आणि ती निघून गेली. हा प्रसंग ऐकून आम्हीही प्रथम हसलो. नंतर मात्र वाटू लागले की, त्या दिवशी टॉम ऑल्टर यांच्यावर जे लिहिले-बोलले गेले, त्यापेक्षा या मुलीचा प्रश्न अधिक खोल होता. ज्याच्या आठवणीत यान, ग्रह आणि अवकाश येते, त्याने विज्ञानासाठी काय केले, हे विचारणे रास्तच आहे. एखाद्या विज्ञानमालिकेतला आवडता नट जातो, तेव्हा त्याचे चाहते नेमके कोणासाठी हळहळतात, आणि त्या हळहळीत विज्ञान किती असते, याचा विचार या लेखात करायचा आहे.

हळहळणारे कोण होते?

या प्रसंगातील एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. वर्गातल्या मुलांना टॉम ऑल्टर ठाऊकच नव्हते. दुःख झाले ते शिक्षकांना. 'शक्तिमान' ही मालिका दूरदर्शनवर सप्टेंबर १९९७ मध्ये सुरू झाली आणि मार्च २००५ पर्यंत चालली. केतन मेहता यांची 'कॅप्टन व्योम' १९९८ मधली. त्या वेळी आठ वर्षांचे असलेले मूल २०१७ साली सत्तावीस वर्षांचे झाले होते, आणि आज ते पस्तिशीच्या पुढे गेले आहे. म्हणजे त्या मालिकांचा प्रेक्षक आज फळ्याच्या या बाजूला उभा आहे. तेव्हा हा विषय "हल्लीच्या मुलांचे वेड" म्हणून बाजूला सारता येणार नाही. तो आपल्याच बालपणाचा आहे.

कोल्हापूरला नटांवर जीव लावणे नवे नाही. ही चित्रपटांची जुनी पेठ. बाबूराव पेंटर आणि त्यांचे बंधू आनंदराव यांनी येथे स्वतःच्या हातांनी कॅमेरा तयार करण्याचे काम आरंभिले. १९१६ मध्ये आनंदराव वारले. पुढे बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ च्या सुमारास तो पुरा केला. 'प्रभात' कंपनी १९२९ साली कोल्हापुरातच स्थापन झाली. दामले आणि फत्तेलाल या कोल्हापूरच्या जोडीने पुढे पुण्यात, १९३६ साली, 'संत तुकाराम' काढला. त्यात विष्णुपंत पागनीस तुकाराम झाले आणि लोक त्यांच्याकडे तुकारामबुवा म्हणूनच पाहू लागले. १९४३ साली पागनीस गेले तेव्हा अनेक प्रेक्षकांना एका नटाबरोबर आपले तुकारामबुवाही गेल्यासारखे वाटले असेल, तर त्यात नवल नाही.

नट आणि भूमिका यांची अशी गल्लत होणे माणसाच्या मनाला धरूनच आहे. तिला हसण्याचे कारण नाही. पण पागनिसांच्या बाबतीत एक सोय होती. भूमिकेमागे खरे तुकाराम होते, त्यांचे अभंग होते. पडद्यावरचा तुकाराम आवडला तर प्रेक्षक गाथा उघडू शकत होता. मग महागुरू किंवा विश्वप्रमुख आवडले, तर त्यामागे काय उघडायचे? मुलीच्या प्रश्नाचा रोख हाच होता.

श्रद्धांजलीत काय होते, काय नव्हते

टॉम ऑल्टर यांच्यावरील श्रद्धांजलीपर मजकुरात त्यांच्या आयुष्याचा पट साधारणपणे ठीक आला होता. जन्म १९५० चा, मसुरीचा. आईवडील अमेरिकन मिशनरी. पुण्याच्या चित्रपट संस्थेत १९७२ ते १९७४ शिक्षण. हिंदी-उर्दूवर असाधारण प्रभुत्व. कोवळ्या वयातील सचिन तेंडुलकरची दूरचित्रवाणीसाठी मुलाखत. रंगभूमीवर मौलाना आझाद. २००८ साली पद्मश्री. आम्हां शिक्षकांना विशेष वाटावी अशी एक गोष्ट म्हणजे तारुण्यात काही महिने ते हरियाणातील जगाधरी येथील एका शाळेत शिक्षक होते. तेथे असतानाच 'आराधना' चित्रपट पाहून त्यांना नट होण्याचा ध्यास लागला.

हे सगळे माणसाविषयी झाले. मालिकांविषयी मात्र "आमच्या बालपणीचे महागुरू", "आमचे विश्वप्रमुख" याच्यापुढे कोणी गेले नाही. त्या मालिकांनी आपल्याला विज्ञानाविषयी काय सांगितले, हा प्रश्न विचारायला तो दिवस योग्य नव्हता, असे कोणी म्हणेल. ते मान्य. पण नंतरही तो विचारला गेला नाही. आठ वर्षे उलटल्यावर आता विचारायला हरकत नसावी.

'शक्तिमान'ची मांडणी आठवून पाहा. नायकाला सामर्थ्य मिळते ते योगसाधनेतून, कुंडलिनी जागृत होऊन, पंचमहाभूतांच्या कृपेने. त्याचे मार्गदर्शक शुभ्र वस्त्रांतले गुरू आहेत. प्रयोगशाळेत कोण काम करते? डॉक्टर जॅकाल. तो खलनायक आहे. शोध लावतो, यंत्रे बनवतो, 'पॉवर' म्हणून ओरडतो आणि अंधाराची चाकरी करतो. म्हणजे शहाणपण गुरूकडे आणि उपकरणे दुष्टाकडे, अशी वाटणी झाली. मालिकेने मुलांना खरे बोलण्याचे, मोठ्यांचा मान राखण्याचे धडे दिले, हे खरे. मुलांनी अनुकरण करताना स्वतःला इजा करून घेतल्याच्या बातम्या आल्यावर मुकेश खन्ना यांनी पडद्यावरून मुलांना सावध केले, हेही त्यांच्या श्रेयाला जोडले पाहिजे. पण प्रयोग करणारा माणूस चांगलाही असू शकतो, हे त्या मालिकेतून मुलांना फारसे कळले नाही.

'कॅप्टन व्योम'ची गोष्ट निराळी. तिथे खरोखरच भविष्यकाळ, अवकाशयाने आणि ग्रहांवरची वस्ती होती. बारा भयंकर गुन्हेगार अवकाशातल्या तुरुंगातून निसटतात आणि विश्वप्रमुख त्यांना पकडण्याची कामगिरी व्योमवर सोपवतात. पण कथा मूलतः शिपाई आणि चोराची. अवकाश हा तिचा रंगवलेला पडदा. अशा मालिकांत गुरू ग्रहाजवळचे यान आणि पृथ्वी यांच्यात समोरासमोर बसल्यासारखे बोलणे चालते. प्रत्यक्षात पृथ्वीपासून गुरू सुमारे ५९ कोटी ते ९७ कोटी किलोमीटर अंतरावर असतो. प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो. म्हणजे "व्योम, ऐकतो आहेस ना?" हा प्रश्न तिथे पोचायला साधारण ३३ ते ५४ मिनिटे लागतील आणि "हो" परत यायला तेवढीच. एक प्रश्न आणि एक उत्तर यांत शाळेचे दोन तास सहज जातील. ही अडचण कथेत आणली असती तर कथा अधिक रंगली असती. संकटात सापडलेल्या व्योमला विश्वप्रमुखांच्या आज्ञेची वाट पाहता आली नसती, स्वतःच्या बुद्धीने निर्णय घ्यावा लागला असता. चांगली विज्ञानकथा विज्ञानाच्या अटी पाळते आणि त्या अटींतूनच नाट्य काढते. आपल्या मालिकांनी त्या अटी बाजूला ठेवल्या.

दुसरीकडे काय घडले

तुलनेसाठी दूरचे, पण आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीचे उदाहरण घेऊ. 'स्टार ट्रेक' ही अमेरिकन मालिका १९६६ ते १९६९ या काळातली. ऐंशीच्या दशकात ती आपल्या दूरदर्शनवरही दिसली. तिच्यातील टोकदार कानांचा स्पॉक हा यानावरील विज्ञान अधिकारी. तो साकारणारे लेनर्ड निमॉय २७ फेब्रुवारी २०१५ रोजी ८३ व्या वर्षी वारले. दुसऱ्याच दिवशी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातून अंतराळवीर टेरी व्हर्ट्स यांनी खिडकीशी हात धरून, बोटांची ती प्रसिद्ध खूण करून छायाचित्र पाठवले. खाली पृथ्वी दिसत होती. कॅनडात चाहते पाच डॉलरच्या नोटेवरील माजी पंतप्रधानांच्या चित्राला पेनाने टोकदार कान काढू लागले. तेथील मध्यवर्ती बँकेला "नोटा रंगवू नका" अशी विनंती करावी लागली. त्याच वर्षी जून महिन्यात मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान फिरणाऱ्या ४८६४ क्रमांकाच्या लघुग्रहाला निमॉय यांचे नाव देण्यात आले.

या शोकात वेडेपणाही होता आणि विज्ञानही. नोटांवरचे कान हा वेडेपणा. पण अवकाशात प्रत्यक्ष गेलेला माणूस एका नटाला मानवंदना देतो, याचा अर्थ काय? त्या मालिकेत विज्ञान जाणणारा माणूस नायकाच्या शेजारी उभा होता. कप्तान त्याला विचारल्याशिवाय पाऊल उचलत नसे. खूप जाणणे आणि शांतपणे विचार करणे ही हेवा वाटावी अशी गोष्ट आहे, हे मुलांना स्पॉकने दाखवले. डॉक्टर जॅकालच्या शेजारी स्पॉकला उभे केले की दोन्ही मालिकांतला फरक ध्यानात येतो.

तरीही स्पॉकला सर्व गुण द्यायला आम्ही तयार नाही. त्याच्या भक्तांनी त्याला वैज्ञानिक वृत्तीचा पुतळा करून टाकले, ते काही बरोबर नाही. स्पॉक तर्क करतो. विज्ञानात तर्क लागतोच, पण तो पुरत नाही. जड वस्तू हलक्या वस्तूपेक्षा लवकर खाली पडेल, हा जुन्या काळचा तर्क ऐकायला निर्दोषच होता. वस्तू खाली टाकून पाहिल्यावर तो कोसळला. स्पॉक पुष्कळदा धोक्याची शक्यता दशांश चिन्हापर्यंत सांगतो. ती कोणत्या निरीक्षणांवरून काढली, हे मात्र कोणी विचारत नाही. शिवाय भावना दाबल्या की विचार शुद्ध होतो, ही त्याची शिकवण तर शास्त्रज्ञांच्या चरित्रांशी मुळीच जुळत नाही. कुतूहल हीसुद्धा एक भावनाच आहे.

निमॉय यांनाही या मुखवट्याचा जाच झाला होता. त्यांच्या १९७५ मधील आत्मकथनाचे नाव 'आय ॲम नॉट स्पॉक', तर १९९५ मधील पुस्तकाचे नाव 'आय ॲम स्पॉक'. मी तो नव्हे, इथून मी तोच, इथपर्यंत यायला त्यांना वीस वर्षे लागली. मात्र अखेरच्या काळात त्यांनी या प्रेमाचा एक चांगला उपयोग केला. त्यांना फुप्फुसांचा जुनाट विकार जडला होता. २०१४ साली त्यांनी तो जाहीर केला. धूम्रपान सोडून तीस वर्षे झाली होती, तरी सोडायला उशीर झाला, असे चाहत्यांना सांगून त्यांनी धूम्रपान सोडण्याची विनंती केली. धुराने फुप्फुसांतील वायुकोशांच्या भिंती एकदा नष्ट झाल्या की त्या पुन्हा तयार होत नाहीत, ही गोष्ट पाठ्यपुस्तकातल्या आकृतीपेक्षा लोकांना यातून अधिक पटली असेल. इथे मुखवटा उतरला होता आणि माणूस पुराव्यानिशी बोलत होता. ते पुरावे त्याच्या स्वतःच्या छातीत होते.

त्याच मालिकेतील निशेल निकोल्स यांचे उदाहरणही पाहण्यासारखे आहे. यानावरील दळणवळण अधिकारी उहुरा ही त्यांची भूमिका. १९७७ साली 'नासा'ने स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना अंतराळवीर होण्यासाठी अर्ज करायला लावण्याच्या कामी त्यांची मदत घेतली. १९७८ च्या निवडीत प्रथमच स्त्रिया आल्या. पुढे १९९२ साली अवकाशात गेलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री मे जेमिसन यांनी उहुरापासून स्फूर्ती मिळाल्याचे सांगितले आहे. २०२२ च्या जुलैमध्ये निकोल्स गेल्या. "त्यांनी कशाचा शोध लावला?" असे त्या दिवशी एखाद्या मुलीने विचारले असते, तर देण्यासारखे उत्तर होते. शोध लावला नाही, पण ज्यांना शोध लावायच्या खोलीत प्रवेश नव्हता, त्यांच्यासाठी दार ठोठावले.

आपल्याकडचे उत्तर

आपल्याकडे असे उत्तर नाही काय? आहे, पण ते नटाकडून आले नाही. २० मे २०२५ रोजी पुण्यात डॉ. जयंत नारळीकर यांचे निधन झाले. त्यांचा जन्म १९ जुलै १९३८ चा, कोल्हापूरचा. त्यामुळे कोल्हापूरकरांना हे दुःख घरचे वाटले. नव्वदीच्या दशकात त्यांची 'ब्रह्मांड' मालिका दूरदर्शनवर झाली. म्हणजे ज्या पडद्यावर महागुरू दिसले, त्याच पडद्यावर त्याच दशकात खरा खगोलशास्त्रज्ञ येऊन गेला होता. विज्ञानकथाही त्यांनी लिहिल्या. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, तीही नारायण विनायक जगताप या टोपणनावाने आणि पत्नीच्या हस्ताक्षरात. आपल्या नावाच्या वजनाने परीक्षक भारावू नयेत, हा हेतू. नाव झाकून कथा तपासायला देणे हीसुद्धा एक प्रकारची प्रयोगाची शिस्तच म्हणायची.

त्यांच्याबद्दलची एक आठवण अनेकांनी सांगितली आहे. मुले स्वाक्षरी मागायला आली की ते सांगत, तुमचा प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवा, मी उत्तर लिहून त्याखाली सही करीन. ही रीत आम्हांला फार मोलाची वाटते. चाहत्याला हवी असते सही. त्या सहीची किंमत त्यांनी एक प्रश्न अशी ठेवली. प्रेम नाकारले नाही, त्याला कामाला लावले.

तरीही त्यांच्या निधनानंतरचा पुष्कळसा मजकूर नटाच्या श्रद्धांजलीसारखाच निघाला. 'तारा निखळला' अशा धर्तीचे मथळे, पदव्या, पुरस्कार. हॉइल यांच्याबरोबर त्यांनी मांडलेला सिद्धान्त काय होता, महास्फोटाच्या कल्पनेबद्दल त्यांचे आक्षेप कोणते होते आणि बहुसंख्य शास्त्रज्ञांना ते का पटले नाहीत, हे समजावून देण्याचा प्रयत्न त्या मानाने थोड्यांनीच केला. शास्त्रज्ञाला नटाच्या पंक्तीला बसवून आपण हार घातला, आणि हार घातला की प्रश्न विचारायची गरज उरत नाही. टॉम ऑल्टर यांच्या वेळी जी उणीव राहिली, तीच इथेही राहिली. फरक एवढाच की, या वेळी उघडायला गाथा समोरच होती.

वर्गात काय करता येईल?

मुलांचा एखादा आवडता नट पुढेमागे जाईलच. त्या दिवशी मुलांना "ते सगळे खोटे होते" असे सांगू नये. त्यांचे दुःख खरे असते. त्यांना बोलू द्यावे. मग एक तास या तीन प्रश्नांसाठी ठेवावा.

पहिला, माणूस कोण होता आणि भूमिका कोणती? दोन रकाने करून मुलांनीच लिहावे. टॉम ऑल्टर यांच्या रकान्यात "काही महिने शिक्षक" हेही येईल.

दुसरा, त्या मालिकेतील कोणती गोष्ट करून किंवा मोजून पाहता येईल? गुरूपर्यंतच्या निरोपाचे गणित सातवीची मुले सहज करतात. शक्तिमानसारखे गरगर फिरणे तर मैदानावर रोजचेच होते. थांबल्यावरही भोवतालचे जग फिरत का राहते, हे तेव्हा किती जणांनी विचारले? कानाच्या आतील अर्धवर्तुळाकार नलिकांतला द्रव आपण थांबल्यावरही काही वेळ वाहत राहतो, त्यामुळे मेंदूला फिरत असल्याचाच निरोप जातो. एवढ्या एका गोष्टीसाठी आम्ही त्या मालिकेचे ऋणी राहिलो असतो.

तिसरा, त्या कथेत विज्ञान जाणणारा माणूस कोण आहे, आणि त्याला चांगले दाखवले आहे की वाईट? हा प्रश्न मुलांना फार आवडतो, आणि उत्तरे बहुधा आपल्याला विचारात पाडणारी असतात.

त्या सातवीतल्या मुलीला त्या दिवशी काय सांगायला हवे होते, यावर आमच्या गटात बराच वाद झाला. काहींचे म्हणणे, "ते नट होते" एवढे पुरेसे होते. काहींना वाटते, तिला खुर्ची देऊन बसवायला हवे होते आणि सरांनी कबूल करायला हवे होते की, त्यांनी शोध लावला नव्हता, पण त्यांच्यामुळे मला लहानपणी रात्री गच्चीवर जाऊन आकाशात गुरू कुठे दिसतो ते पाहावेसे वाटले होते. ते सर खरोखरच पाहायला जात. हे त्यांनी आम्हांला सांगितले, त्या मुलीला सांगायचे मात्र राहून गेले.

आपल्या शाळेत असा प्रसंग आला असेल तर आम्हांला जरूर कळवा. साध्या पोस्टकार्डावर लिहिलेत तरी चालेल.